नकाशावर न घेतलेला थांबा

भीमराव, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी माईकवर पाच मिनिटं बोललो आणि पाचही मिनिटं मुद्द्याचं सोडून बोललो. एसटीत आयुष्य घालवलेला सच्चा माणूस, शब्दाचा पक्का, वेळेचा पक्का, असं काहीबाही. लोकांनी माना हलवल्या. वंदना झाली, भन्तेजी बोलले, आणि तुझ्या फोटोसमोरची मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून वहिनी सारखा हात आडवा धरत होत्या. मी खाली येऊन सतरंजीवर बसलो तर शेजारचे एक गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "चांगलं बोलले साहेब." ते ऐकून मला तिथून उठून जावंसं वाटलं.

कोण गाडी चुकवून आलाय आणि कोण घर सोडून आलाय, हे तू नियंत्रकाच्या खिडकीतून नुसत्या चालीवरून ओळखायचास. माझं मात्र एक तुला ओळखता आलं नाही. ते आता लिहितो. तू वाचणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळेच हात चालतोय, हेही कबूल करून टाकतो.

तू गेल्यापासून तुझा आवाज मला सोडत नाही. दुपारी साडेतीनला मी सवयीनं स्टँडवर चहाला जातो. तुझ्या खिडकीत आता नवा नियंत्रक बसतो. भला माणूस आहे, आवाज स्वच्छ आहे, पण त्या आवाजात कोणी राहत नाही. तो पुण्याची गाडी पुकारतो, पांढरकवड्याची पुकारतो, आणि दारव्ह्याची पुकारायला लागला की त्याच्या मागून मला तुझा घोगरा आवाज ऐकू येतो: "दारव्ह्याची गाडी लागून राह्यली. बायामाणसाइनं आधी चढावं, बाकीच्याइनं मंग." मी मान वर करतो. फलाटावर कोणी मागचं-पुढचं बघत नाही, सगळे एकदम दारात घुसतात. मंगळवारी तर "टाउन प्लॅनिंगचे साहेब, तुमचा चहा थंडा होऊन राह्यला" असं चक्क ऐकू आलं आणि मी उठून उभा राहिलो. चहावाल्यानं विचारलं, काय झालं साहेब. मी म्हटलं, काही नाही, गाडी आली वाटलं.

ही घोषणा तू खरोखर करायचास, भर स्टँडवर, कर्ण्यातून. सगळा फलाट माझ्याकडं बघून हसायचा. मी लाल होऊन यायचो आणि तुला चार शब्द सुनवायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती घोषणा झाली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माझी मुलगी पांढरकवड्याला नोकरीला लागली तेव्हा दोन वर्षं तू तिच्या गाडीच्या ड्रायव्हरला रोज बजावलंस, "मधुभाऊची पोरगी बसली का पाह्य, मंग काढ." याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू मला फलाटावरूनच हाकललं असतंस.

आपली ओळख भांडणातून झाली. शहराचा नवा आराखडा करायचा होता, म्हणून ऑफिसनं मला वही-पेन्सिल देऊन स्टँडवर वाहतूक मोजायला बसवलं होतं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. तू तेव्हा कंडक्टर होतास. तीन दिवस येता-जाता बघितलंस आणि चौथ्या दिवशी येऊन वहीत डोकावलास.

"गाड्या मोजून काय होते साहेब? माणसं कुठं उतरते ते पाहा ना."

"उतरतात ते थांब्यावरच उतरतात," मी म्हटलं.

तू हसलास. "चाला माह्या गाडीत. दाखवतो."

मी गेलो. शहर सोडल्यावर चढ लागतो आणि चढाच्या माथ्यावर तेव्हा एक कवठाचं झाड आणि एक विहीर होती, बाकी नुसतं रान. त्या काळच्या गाड्या चढाला तापायच्या. ड्रायव्हर माथ्यावर गाडी उभी करून विहिरीचं पाणी काढायचा आणि रेडिएटरमध्ये ओतायचा. थांबा नव्हता तो, गाडीची तहान होती. पण गाडी उभी राहतेच आहे म्हटल्यावर कापूस वेचायला जाणाऱ्या आठ-दहा बाया पटापट उतरल्या आणि बांधावरून शेतात गेल्या. तिकीट तू त्यांना पुढच्या गावचं फाडलं होतंस, कारण नियमानं या जागेचं तिकीट फाटूच शकत नव्हतं. संध्याकाळी परतताना त्याच बाया कवठाखाली कापसानं भरलेल्या ओट्या सोडून बसलेल्या होत्या. त्या बसतात म्हणून एकीनं तिथं चहाची चूल मांडली होती. मी विचारलं, ही चूल कधीची. तू म्हणालास, "मागच्या दिवाळीपासून. आता पाहा, पंक्चरवाला येईल."

पंक्चरवाला आला. त्याच्यामागून पिठाची गिरणी आली. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, नव्या गाड्यांना चढावर पाणी लागेनासं झालं, आणि तू तोवर नियंत्रक झाला होतास. मग तू प्रत्येक ड्रायव्हरला तोंडी सांगून ठेवलंस की पाणी घाला नाहीतर नका घालू, कवठाजवळ गाडी थांबली पाहिजे. कागद नाही, पत्र नाही, पाटी नाही. मी म्हटलं, अरे अर्ज कर, अधिकृत थांबा करून घेऊ. तेव्हा तू जे बोललास ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं, आणि पुढं मी त्याचा फार वाईट उपयोग केला.

"कागदावर नाही तो थांबा कोणाले बंद करता येत नाही, मधुभाऊ. कागदावर आला का कोणीतरी लाल पेन घेऊन बसलाच समज."

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, गाव नकाशानं वाढलं पाहिजे. आधी रस्ते आखावे, गटारं आखावी, शाळेची जागा सोडावी, मग माणसांनी यावं. तुझं म्हणणं, माणूस गाडीमागं येतो आणि नकाशेवाले माणसामागं. मी माझ्या आजोबांचं उदाहरण द्यायला गेलो आणि फसलो. आजोबांनी घर घेतलं ते छोट्या रेल्वेच्या स्टेशनाजवळ, कारण कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगा तिकडं, कापसाच्या गाठी तिकडं, व्यापारी तिकडं, आणि कचेरीतली मंडळीही त्यांच्या आसऱ्यानं तिकडंच. माझ्या लहानपणी गावाचं तोंड स्टेशनाकडं होतं. पुढं एसटी स्टँड गजबजलं आणि गावानं हळूहळू कूस बदलली. आमच्या गल्लीतली दुकानं एकेक करून स्टँडकडं गेली, नंतर डॉक्टर गेला, शेवटी आम्हीही घर विकलं. हे सगळं मी मोठ्या अभ्यासानं तुला सांगितलं. तू भजं चहात बुडवत म्हणालास, "मंग यात नकाशा कुठी हाय?"

कापसाचे भाव पडत गेले ती वर्षं तू खिडकीतून पाहिलीस आणि मी कागदावरून. माझ्याकडं नुसते अर्ज वाढत होते, प्लॉट पाडायचे, बिनशेती करायचे. तुझ्याकडं माणसं येत होती. एकदा तू मला खिडकीत शेजारी बसवून शिकवलंस. दारव्ह्याकडून येणाऱ्या गाडीतून लोक उतरत होते आणि तू हळू आवाजात सांगत होतास. "गाव कसं सुटते सांगतो तुले. आधी डब्बा येते. सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. मंग पिशवी येते, म्हंजे आठवडाभर राहाचं. मंग गादी. अन् शेवटी म्हातारी उतरते. म्हातारी उतरली का समजायचं, घराले कुलूप लागलं." त्याच गाडीतून एक म्हातारी उतरली. एका हातात तिच्या कोंबडी होती. ती खाली उतरून गाडीकडंच तोंड करून उभी राहिली, कुठं बघावं हे तिला कळत नव्हतं. तू कर्णा बंद केलास, बाहेर गेलास आणि तिला कवठाला जाणाऱ्या गाडीत बसवून आलास.

कारण ही सगळी माणसं कवठालाच जात होती. शहरात खोली परवडत नव्हती, गावात वेचणी उरली नव्हती, जिनिंगा बंद पडत होत्या. कवठाजवळ मात्र गाडी थांबत होती. बांधकामावर जाणारा, भाजी विकणारी, दवाखान्यात झाडू मारणारी, सगळे तिथून दहा मिनिटांत शहरात पोहोचत. वस्ती रस्त्याला चिकटून लांबच लांब वाढली, आत गेलीच नाही. आमच्या ऑफिसात त्यावर डोकी खाजवणं चालायचं. तुझं उत्तर तयार होतं. "हॉर्न ऐकू येते तिथपर्यंत माणूस घर बांधते." मी एकदा गुपचूप फिरून बघितलं. खरंच तसं होतं. शेवटच्या घराच्या पायरीवर मी उभा राहिलो, गाडीचा हॉर्न वाजला आणि आतून बाई चप्पल घालत धावत निघाली.

आणि माझा नकाशा? त्यात वस्तीची जागा उत्तरेला होती, डोंगराच्या पायथ्याशी. पिवळ्या रंगात. बारा मीटरचे रस्ते, बगीचा, शाळा, बाजार. तो पिवळा रंग मी स्वतःच्या हातानं भरला होता, तीन दिवस लागले होते. कोणी आलं नाही. म्हणून मीच गेलो. पहिलं घर माझं. कोणी सुरुवात तर केली पाहिजे, असं घरात सांगितलं आणि बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. दूधवाला येईना, रिक्षावाला दुप्पट मागे, रोज दोन मैल चालत ऑफिसात. तुला सांगायचं जिवावर आलं होतं, पण एक दिवस सांगितलंच: आमच्याकडं एक फेरी सुरू कर. तू हसला नाहीस, हे मी विसरणार नाही. तू वर शब्द टाकलास आणि फेरी सुरू केलीस. सकाळ-संध्याकाळ गाडी यायची, मी एकटा चढायचो, मी एकटा उतरायचो. महिनाभर. मग तू माझ्यासमोर बसून म्हणालास, "मधुभाऊ, गाडी काढून घेतो. तिकडं कवठाले लोकं दाराले लटकून राह्यले अन् तू खिडकीजवळ पाय पसरून येते. बरं नाही दिसत."

तुझं बरोबर होतं. एकेक अक्षर बरोबर होतं, आणि मला ते सहन झालं नाही. वरवर मी म्हटलं, हो हो, बरोबर आहे. पण आत काहीतरी कडू होऊन बसलं. तीन दिवस भरलेला माझा पिवळा रंग ओस पडला होता आणि एका कंडक्टरनं रेडिएटरच्या पाण्यावर गाव वसवलं होतं. मी हे असं लिहितोय कारण तेव्हा माझ्या मनात नेमका हाच शब्द आला होता. कंडक्टर. तीस वर्षांच्या मित्रासाठी.

तुला जागा मिळाली तीही कवठाजवळच. निवृत्तीच्या आधीच दोन खोल्या बांधल्यास आणि पुढं ओसरी काढलीस, रस्ता दिसेल अशी. पहिल्या दिवशी मला तिथं खुर्चीत बसवून म्हणालास, "इथं बसून ड्यूटी करीन आता."

आता ते सांगतो.

रस्ता रुंद करायचं ठरलं. मधून दुभाजक येणार होता, उंच, लोखंडी कठड्याचा. बांधकामवाल्यांनी आमच्या ऑफिसकडं यादी मागितली: रस्त्यावरचे सध्याचे थांबे आणि ओलांडायच्या जागा कळवा, तिथं दुभाजकात वाट सोडायची आहे. यादी करायचं काम माझ्याकडं आलं. साधं काम. एका दुपारचं. मी एकेक जागा लिहीत गेलो. कॉलेज, जुना नाका. कवठापाशी पेन थांबलं. मला तुझं वाक्य आठवलं, कागदावर नाही तो थांबा कोणाले बंद करता येत नाही. मी स्वतःला म्हटलं, भीमरावची इच्छाच आहे की हे कागदावर येऊ नये. आणि पुढचं नाव लिहिलं, जिनिंगचं फाटक.

खरं असं आहे की त्या क्षणी मला सगळं नीट कळत होतं. लाल पेनवाल्याचा हा कागद नव्हता. वाट ठेवायचा कागद होता. तुझं वाक्य मी ढालीसारखं पुढं धरलं आणि तिच्यामागं तो कडू माणूस बसला होता. मला तुझी वस्ती तोडायची नव्हती, देवाशपथ नव्हती. मला फक्त एकदा असं व्हायला हवं होतं की नकाशात नाही ते जमिनीवरही नाही. यादीखाली मी सही केली. वळणदार केली, नेहमी करतो तशी.

दुभाजक झाला. कवठ त्यातच तोडलं गेलं. शहराकडून येणारी गाडी पलीकडच्या बाजूला उभी राहायची आणि माणसं कठड्यावरून पिशव्या आधी टाकायची, मग स्वतः चढायची. बाया लुगडं सावरत चढायच्या. म्हाताऱ्यांना दोघं धरायचे. काही दिवसांनी गाड्यांनी तिथं थांबणंही कमी केलं. तू ऑफिसात आलास, पहिल्यांदाच आलास, टोपी हातात धरून. मला तुझं ते उभं राहणं आवडलं नाही.

"मधुभाऊ, हे काय झालं? पुढं जिनिंगपाशी वाट ठेवली, इथं काहून नाही ठेवली?"

"वरून आलं," मी म्हटलं.

"तुले दिसलं नाही काय नकाशात?"

"नकाशे वरच झाले. आमच्याकडं आलेच नाहीत."

तू लगेच विश्वास ठेवलास. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला एक सेकंदही लागला नाही. म्हणालास, "मंग अर्ज टाकतो. दोनशे सह्या आणतो." मी तुला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पाऊण तास समजावलं की अशा अर्जांचं काही होत नाही, उलट मोजणी आली तर रस्त्याकडच्या घरांना नोटिसा लागतील. ते शेवटचं मी मुद्दाम घातलं. अर्ज झाला असता तर फाइल उघडली असती, आणि फाइलमध्ये माझी यादी होती. तू बराच वेळ कप बशीत फिरवत बसलास. मग म्हणालास, "बरं. तू म्हणते तं राहू दे."

तीन वर्षं मी ते राहू दिलं. रोज साडेतीनला आपण भेटत होतो. तू निवृत्त झालास तरी दुपारच्या गाडीनं स्टँडवर यायचास, जाताना पलीकडं उतरायचास आणि त्या वयात कठडा चढायचास. एकदा पँट फाटली ती मला दाखवलीस. मी हसलो. घरी येऊन जेवलो नाही, पण हसलो होतो हे खरं.

त्या दुपारी मी स्टँडवर तुझी वाट बघत होतो. तू आला नाहीस. पुढचं मला तुझ्या शेजाऱ्यांनी आणि वहिनींनी सांगितलं. तू ओसरीत खुर्चीवर होतास. छातीत दाटून आलं, घाम सुटला. शेजाऱ्यानं फोन केला आणि दवाखान्याची गाडी लगेच निघाली, त्यांची काही चूक नाही. ती वाजत आली आणि पलीकडच्या बाजूनं तुझ्या समोरून पुढं गेली. सगळ्यांनी हात केले. ती तरी काय करणार, तिला जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊनच वळायचं होतं. तिथं कापूस खरेदी चालू होती. बैलगाड्यांची आणि टेम्पोंची रांग दोन्ही अंगाला, सगळ्या कापसानं शिगोशीग भरलेल्या. त्यात ती अडकली. शेजारची पोरं म्हणाली, दादा, तुम्हाला उचलून पलीकडं नेतो, रिक्षात घालतो. तू हातानं नाही म्हणालास. "गाडी येऊन राह्यली. वळून येते. थांबा जराशेक." तीस वर्षं लोकांना जे सांगत आलास तेच सांगितलंस आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलंस.

गाडी आली तेव्हा तू खुर्चीतच होतास.

वेळेत आली असती तर तू वाचला असतास का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती आणि उत्तर कुठलंही आलं असतं तरी ते माझ्या उपयोगाचं नव्हतं.

परवाच्या कार्यक्रमानंतर मी दारव्ह्याच्या गाडीत बसलो, कारण नसताना. जुना ड्रायव्हर होता, तुझ्या हाताखालचा. माथ्यावर गाडी हळू झाली. उतरणारं कोणी नव्हतं, हात करणारं कोणी नव्हतं. जवळजवळ उभी राहिली आणि पुन्हा निघाली. मी पुढं जाऊन विचारलं, इथं हळू का केली.

"मालूम नाही साहेब," तो म्हणाला. "पाय जाते ब्रेकवर. सगळ्याइचाच जाते. साहेब असताना थांबत होतो ना."

मी खिडकीबाहेर बघितलं. पलीकडं तुझी ओसरी होती आणि खुर्ची होती. खरं सांगतो भीमराव, मला वाटलं तू बसला आहेस आणि गाडी थांबली का नाही याची नोंद घेतो आहेस. मी तोंड फिरवलं. असा मी आजवर कुणाला घाबरलो नव्हतो.

आज सकाळी मी तुझ्या घरी गेलो. अर्ज लिहून नेला होता. वस्तीसमोर दुभाजकात वाट सोडावी, असा. खाली कारण म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं की ही जागा चालू थांबा असताना यादी करणाऱ्यानं, म्हणजे मी, जाणूनबुजून वगळली. पहिली सही वहिनींची हवी होती. पण त्यांना न सांगता सही कशी घेणार? वहिनी तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. यादी, पेन, तुझं ते वाक्य, पाऊण तासाचं समजावणं, नोटिशीची घातलेली भीती. काही लपवलं नाही. मी मनाची तयारी करून गेलो होतो. त्या ओरडतील, रडतील, उठा म्हणतील. हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं, इतका मी हलका माणूस आहे.

त्यांचा हात सुपातच राहिला होता. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि अर्ज मागितला. सगळा वाचला. सावकाश, बोट फिरवत. माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि सही केली. कागद परत देताना म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? रोज तं भेटत होते तुम्ही दोघं. हे त्याइले काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो होतो वहिनी."

"कायले?"

मी अर्जाची घडी घालू लागलो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं बघितलं असतं तर मी खाली बघितलं असतं, पण त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"काय केलं असतं त्याइनं?" त्या म्हणाल्या. "दोन दिवस बोलले नसते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी सह्या घेऊन तुमच्याच टेबलाशी येऊन बसले असते."

तीन वर्षं होती माझ्याकडं, भीमराव. आणि लागणार होते दोन दिवस.